धाब्याचा कठडा

अभ्यासासाठी वाचा : अनुवाद 22:8, लूक 13:1-5, स्तोत्र 127:1

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयीचा नियम आणि द्राक्षमळ्यातील मिश्र बियाण्याविषयीचा नियम यांच्या मधोमध एक लहानसे वचन आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, असा त्याचा आशय. नैसर्गिक आपत्तींविषयी पवित्र शास्त्र काय शिकवते, असे कोणी विचारले म्हणजे आपण नोहाच्या तारवाकडे किंवा योसेफाच्या कोठारांकडे वळतो. या वचनाकडे सहसा कोणी वळत नाही.

मूळ इब्रीत कठड्यासाठी आलेला 'माअके' हा शब्द संपूर्ण जुन्या करारात येथेच आढळतो. त्याहून लक्षणीय शब्द 'दामीम', म्हणजे 'रक्त' या शब्दाचे अनेकवचन. रक्तपाताचा दोष सांगताना हा शब्द योजला जातो. वास्तविक कठडा न बांधणाऱ्याने कोणालाही ढकललेले नसते. तरीही दोष त्याच्या घरावर येतो. शिवाय मूळ रचना 'पडणारा पडला तर' अशी आहे. कोणी ना कोणी पडणार, हे नियमशास्त्र जणू गृहीतच धरते. मराठीत हा बारकावा राखावयास गेले की वाक्य अवघडते. म्हणून बहुधा त्याला मुकावे लागते.

पॅलेस्टाईनमधील धाबे म्हणजे घराचा वापरता भाग. राहाबेने हेरांना तेथेच जवसाच्या ताटांखाली लपवले आणि पेत्र तेथेच प्रार्थनेस गेला. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या व चोपलेली माती अशी त्याची घडण असे. म्हणूनच कफर्णहूमात चौघांना छप्पर उकरून पक्षाघाती मनुष्याला खाली सोडता आले. मराठवाड्यातील वाचकांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. त्यांचे माळवद त्याच कुळातील.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती आणि माणसे गाढ झोपेत होती. साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 रोजी, अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला, तोही पहाटेच. त्याची ऊर्जा किल्लारीच्या पाचपट होती, मृत मात्र साठाच्या आसपास. हा फरक जमिनीपेक्षा भिंतींनी केला.

माळवदाच्या भिंती दोन-दोन फूट जाड, ओबडधोबड दगडांच्या आणि मातीत रचलेल्या. आतला व बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारा लांब दगड बहुधा नसे. गळती थांबावी म्हणून माळवदावर वेळोवेळी माती चढत जाई. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही थर फाकले आणि दगड व माती झोपलेल्यांवर कोसळली. उन्हाळ्यात ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या गारवा दिला, तीच घरे घातक ठरली. गावकऱ्यांना दोष कसा द्यावा? सरकारी नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 मध्ये तो तिसऱ्यात घातला गेला. तथापि 1992 च्या ऑक्टोबरात तेथे लहान धक्के जाणवले होते, हेही विसरता येत नाही.

अशा वेळी 'कोणाच्या पापामुळे?' हा प्रश्न निघतोच. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही लोकांच्या मनात तेच होते. ते अठराजण यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभू येशूने स्वच्छ सांगितले आणि पश्चात्तापाचे बोलावणे ऐकणाऱ्यांनाच केले. मृतांचा न्याय करण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपवलेले नाही. आपल्या बुरुजांची पाहणी मात्र आपल्याला करता येते.

काहीजण येथे स्तोत्र 127 पुढे करतात : प्रभूच घर बांधतो, मग आपण चिंता का वाहावी? परंतु त्या स्तोत्रात बांधणारे बांधत आहेत आणि पहारेकरी जागा आहे. परमेश्वरावाचून त्यांचे श्रम व्यर्थ, एवढेच स्तोत्रकर्ता म्हणतो. त्यांना घरी पाठवीत नाही.

आपली जुनी उपासनामंदिरे, वसतिगृहे व दवाखाने पुष्कळ ठिकाणी दगडीच आहेत. रंगरंगोटीसाठी वर्गणी सहज जमते. भिंतीच्या पोटात काय आहे, हे पाहण्यासाठी अभियंत्याला बोलावण्याचा विषय सभेत क्वचितच निघतो. किल्लारीनंतर जुनी घरे बळकट करण्याच्या ज्या रीती शिकविल्या गेल्या, त्या साध्या आहेत : भिंतीत ठराविक अंतरावर आरपार बांधदगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा देणे आणि माळवदावरील माती कमी करणे. हे काम जाणत्या गवंड्याकडून, अभियंत्याच्या देखरेखीखाली करून घ्यावे. दोन्ही दारे उपासनेच्या वेळी उघडी असावीत व बाहेर उघडणारी असावीत.

आणि कठड्याविषयी एक गोष्ट राहिली. छपराशी सळईने न बांधलेला विटांचा उंच कठडा भूकंपात पहिल्यांदा सुटतो आणि बाहेर धावणाऱ्यांवर कोसळतो. उपासना संपल्यावर मंडळी ज्या जागी बोलत उभी राहते, ती जागा अशा कठड्याखाली येते काय, हे येत्या रविवारी मान वर करून पाहावे.