शाळेचे मैदान, बलार्ध आणि व्यायामशक्ती : एक विचार

प्रास्ताविक

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे प्रथम प्रयोजन होय. त्या दृष्टीने दिनचर्येतील व्यायामाचे महत्त्व आपणा सर्वांस परिचित आहे. तथापि चिकित्सालयातील गर्दीत 'थोडा व्यायाम करीत जा' एवढ्यावरच पुष्कळदा हा उपदेश संपतो आणि रुग्णही मान डोलावून निघून जातो. व्यायाम किती करावा, कोणत्या लक्षणावर थांबावे आणि अनेक वर्षांच्या खंडानंतर त्याचा पुनरारंभ कसा करावा, हे तीन प्रश्न अनुत्तरित राहतात.

यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या बहुतेक रुग्णांनी शाळेच्या मैदानावर एकदा शिकलेली असतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र तेथे मिळत नाही, ते वैद्यानेच द्यावयाचे असते. रुग्णाच्या शालेय क्रीडेचा वृत्तान्त परीक्षणात कसा उपयोगी पडतो आणि त्यावर विसंबून राहण्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीराला स्थैर्य व बल देणारी इष्ट चेष्टा म्हणजे व्यायाम असे सांगून ती मात्रेने आचरावी असा दंडक घातला आहे. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, क्लेश सहन करण्याची क्षमता, दोषक्षय व अग्निवृद्धी ही त्याची फळे होत. अतिव्यायामाने मात्र श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर व छर्दी उद्भवतात. वाग्भटाचार्य अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, इतर ऋतूंत त्याहूनही अल्प व्यायाम करावा असे सांगतात. वातपित्तरोगी, बाल, वृद्ध व अजीर्णी यांस ते व्यायामाचा निषेध करतात.

अर्धी शक्ती ओळखावी कशी? सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात याचे व्यवहार्य लक्षण दिले आहे. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजेच नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावा लागला, की बलार्ध झाले असे समजावे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे हीही लक्षणे परंपरेने सांगितली जातात. व्यायाम करताना एक संपूर्ण वाक्य सहज बोलता आले पाहिजे, असा जो साधा निकष आज आधुनिक व्यायामशास्त्रात वापरतात, त्याचा रोखही श्वासाकडेच आहे. या लक्षणासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

मैदानावरील शिक्षण

प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण तालुक्याच्या गावी झाले. शाळेला प्रेक्षागृह नव्हते, जिमखाना नव्हता. तांबड्या मातीचे एक मैदान, खो-खोचे दोन खांब, काही लेझिमी व लाकडी डंबेल्स एवढीच सामग्री होती. पी.टी.च्या शिक्षकांनी आयुर्वेदाचा कोणताही ग्रंथ वाचला असण्याची शक्यता नव्हती. तरी त्यांचे नियम आज आठवले असता त्यांत स्वस्थवृत्ताचा एक संपूर्ण पाठ दिसतो.

खेळास उतरण्यापूर्वी ते प्रत्येकास 'जेवून किती वेळ झाला?' असे विचारीत. डबा नुकताच खाल्लेल्या मुलास पहिल्या डावात घेत नसत. तोंड उघडे टाकून धापा टाकणाऱ्यास हाताला धरून बाजूस बसवीत आणि नाकाने श्वास सुरू झाल्यावरच पुन्हा आत पाठवीत. खेळ संपल्यावर एकदम खाली बसू देत नसत, मैदानाला एक सावकाश फेरी मारावी लागे. तापातून उठलेला मुलगा कितीही चांगला खेळाडू असो, आठवडाभर त्याच्या हाती गुणलेखनाची वहीच येत असे. ज्वरमुक्तास पूर्ववत बल येईपर्यंत व्यायाम वर्ज्य आहे, हा चरकोक्त नियम आम्ही पुढे महाविद्यालयात वाचला. त्याचे पालन मात्र त्या वहीच्या रूपाने आधीच घडले होते.

आपल्या देशी खेळांच्या रचनेतही मात्रेचा विचार अंतर्भूत आहे. हुतूतू अथवा कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका दमात उच्चार चालू ठेवून आपल्या अंगणात परतावयाचे असते. दम तुटला की खेळाडू बाद. श्वास हीच शक्तीची मोजणी आणि तो संपण्यापूर्वी माघारी येणे हेच कौशल्य. खो-खोत नऊ खेळाडूंपैकी आठ पाटीत बसलेले व एक धावणारा असतो. खो मिळताच धावणारा बसतो व बसलेला उठतो. संरक्षण करणारेही तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. श्रम व विश्रांती यांचा असा पर्याय खेळाच्या नियमांतच बांधलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले, तेव्हा या मातीतील खेळाचा गौरव झाला. वैद्याने त्यातील श्रमविश्रांतीच्या पर्यायाकडेही लक्ष द्यावे.

बालांस व्यायाम निषिद्ध, मग शालेय क्रीडेचे काय?

वाग्भटाचार्यांच्या निषेधाचा दाखला देऊन काही पालक हा प्रश्न विचारतात. आमच्या मते येथे क्रीडा व व्यायाम यांत भेद करणे इष्ट होय. क्रीडेत बालक थकले की स्वतः थांबते. नियमबद्ध व्यायामात ते दुसऱ्याच्या आज्ञेने चालू राहते. चरकाचार्यांनी सोळा वर्षांपर्यंतच्या वयास अपरिपक्वधातू म्हटले आहे, हे लक्षात घेतल्यास निषेधाचे मर्म उलगडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटास दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते तीव्र हालचाल आवश्यक आहे. मुक्त क्रीडेने ती सहज साधते.

खरा धोका स्पर्धेसाठी दोन्ही वेळा होणाऱ्या सक्तीच्या सरावात आहे. १० ते १५ वर्षांच्या खेळाडूस गुडघ्याच्या वाटीखाली हाडाच्या उंचवट्यावर वेदना व सूज असल्यास ती वाढत्या हाडावर पडणाऱ्या ताणाची खूण असू शकते. तेथे मर्दनापेक्षा विश्रांती महत्त्वाची. अरुची, वजन घटणे, निद्रानाश, वारंवार प्रतिश्याय आणि मुलींत आर्तव लांबणे अथवा बंद होणे ही धातुक्षयाची लक्षणे समजून सराव कमी करण्याचा स्पष्ट सल्ला द्यावा.

स्मृती आणि बल

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. काही वर्षांपूर्वीची एक घटना येथे नमूद करणे उचित ठरेल. सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ सकाळी आमच्या परिचित औषधालयात वेदनाशामक तेलाची बाटली घेण्यास आले. आदल्या दिवशी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. जिलबी-मठ्ठ्याचे भोजन झाल्यावर जुन्या मित्रांनी कबड्डीचा डाव मांडला. हे एकेकाळचे शाळेचे कर्णधार, त्यांनी लागोपाठ चढाया केल्या. रात्रीपासून डावा खांदा व पाठ भरून आली होती. 'जुना खेळाडू आहे, मुका मार असेल', असे ते हसत म्हणाले.

औषधालयाच्या चालकांनी बाटली दिली नाही. दुखणे हात हलविल्याने वाढते काय, रात्री घाम आला होता काय, जिना चढताना काय होते, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले. हात हलविल्याने दुखणे वाढत नव्हते. घाम आला होता. जिन्यावर मात्र दोनदा थांबावे लागले होते. चालकांनी त्यांस बाकावर बसविले, घरच्यांस बोलाविले आणि थेट रुग्णालयात पाठविले. ईसीजीत हृदयविकाराचे बदल आढळले, त्याच दिवशी पुढील उपचार झाले व ते गृहस्थ वाचले. त्या सकाळी तेल चोळून ते घरी निजले असते तर काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मेळावा हिवाळ्यात होता, म्हणजे ऋतू अनुकूल होता. परंतु गुरू भोजनानंतर लगेच केलेला व्यायाम, अर्धशक्तीचे उल्लंघन आणि तीस वर्षांचा खंड ही तीन कारणे एकत्र आली. शरीराने खेळ सोडला होता, मनाने सोडला नव्हता. दशविध परीक्षेत चरकाचार्यांनी सात्म्य, सत्त्व व व्यायामशक्ती या बाबी स्वतंत्र सांगितल्या आहेत त्याचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. शालेय क्रीडेचा वृत्तान्त आपणास पूर्वीचे सात्म्य व आजची रुची सांगतो. आजची व्यायामशक्ती तो सांगत नाही. ती कर्मावरूनच, म्हणजे रुग्ण आज प्रत्यक्ष किती श्रम सोसतो यावरूनच ठरवावी लागते.

परीक्षणात विचारावयाचे प्रश्न

१. शाळेत कोणता खेळ खेळत होता व तो आवडत होता काय? आवडत्या खेळाशी जवळचा व्यायाम रुग्ण टिकवितो.

२. खेळ केव्हा व कशामुळे सुटला? स्त्रीरुग्णांस हा प्रश्न अवश्य विचारावा. अनेकींचे मैदान आठवी-नववीत सुटलेले असते आणि त्यानंतर श्रावणात मंगळागौरीच्या रात्री एकदम तासन्‌तास फुगड्या व झिम्मा होतो. त्याची तयारी आषाढातच सुरू करण्यास सांगावे.

३. त्या काळात काही दुखापत झाली होती काय?

४. आज दोन जिने न थांबता चढता येतात काय? श्वास कोठे तोंडावर येतो?

५. रक्तदाब, प्रमेह, हृद्रोग, धूम्रपान यांचा इतिहास व चालू औषधे कोणती? इन्सुलिन अथवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यास व्यायामात साखर एकदम उतरण्याची शक्यता समजावून सांगावी.

पुनरारंभाचा क्रम

चरकाच्या ज्या अध्यायात व्यायाम सांगितला आहे, त्यातच लगेच पुढे पादांशिक क्रम आला आहे. अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार चतुर्थांशाने, मध्ये अंतर ठेवीत, क्रमाक्रमाने करावा हा त्याचा आशय होय. ही जोडणी खंडित व्यायामाच्या पुनरारंभास अत्यंत उपयुक्त आहे. आमच्या व्यवहारात आम्ही हे तत्त्व पुढीलप्रमाणे योजतो.

चाळीस मिनिटे हे लक्ष्य धरून पहिले दोन आठवडे दहा मिनिटे चालणे, पुढे दर दोन आठवड्यांनी दहा मिनिटांची वाढ. याप्रमाणे आठव्या आठवड्याअखेर लक्ष्य गाठले जाते. तिसऱ्या टप्प्यातील तीस मिनिटे आठवड्यातून पाच दिवस झाली तरी प्रौढांसाठी शिफारस केलेली किमान १५० मिनिटे पूर्ण होतात. सूर्यनमस्कार घालावयाचे असल्यास बारा हे लक्ष्य धरून तीन, सहा, नऊ व बारा असा क्रम ठेवावा. कोणत्याही टप्प्यात बलार्धलक्षण लवकर दिसू लागल्यास मागील टप्प्यावर यावे. धावणे, उड्या व चढाया आठ आठवड्यांनंतरच, तेही हृद्रोगाची शंका नसेल तर. वय, बल, शरीर, देश, काल व अशन पाहून व्यायाम करावा हा सुश्रुतोक्त निकष येथेही लागू होतो. विदर्भातील वैशाखात व कोकणातील दमट हवेत एकच मात्रा देणे युक्त नव्हे.

औषधालयचालकांसाठी

व्यायामानंतरच्या साध्या अंगदुखीस तिळतेलाचे सुखकर मर्दन व उष्णोदक स्नान पुरेसे आहे. ताज्या, सुजलेल्या दुखापतीवर मात्र जोराने चोळण्याचा सल्ला देऊ नये. पोटरीत 'फट्' असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता न येणे ही टाचेवरील स्नायुबंध तुटल्याची खूण असू शकते. श्रमानंतर छातीत दाब, डावा हात, जबडा अथवा पाठ भरून येणे, थंड घाम, अंधारी वा मूर्च्छा असल्यास तेल, लेप वा पाचक चूर्ण देण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रमेही रुग्णांत व स्त्रियांत केवळ दम, मळमळ व अतिथकवा एवढेच लक्षण असू शकते.

शालेय खेळाडूंसाठी 'ताकदीचे औषध' मागणारे पालक येतात. उत्पादन परवाना, बॅच क्रमांक व घटक छापलेले नसलेले कोणतेही चूर्ण देऊ नये. अशा निनावी द्रव्यांत भेसळ असल्यास मुलाच्या प्रकृतीस अपाय होतो आणि उत्तेजक चाचणीत त्याचे खेळातील भवितव्यही संपुष्टात येऊ शकते. दूध, तूप, डाळी, शेंगदाणे, गूळ व पुरेशी झोप यांची आठवण प्रथम करून द्यावी.

उपसंहार

रुग्णाच्या शालेय आठवणी ऐकण्यास दोन मिनिटे लागतात. त्या ऐकताना त्याचा चेहरा उजळतो आणि व्यायामाचा उपदेश त्याला परका वाटत नाही. त्या आठवणीतून खेळाची आवड घ्यावी, श्वासाची शिस्त घ्यावी. मात्रा मात्र आजच्या बलावरून ठरवावी. नवीन वर्षाच्या सुमारास माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सर्वत्र भरतात. आपल्या चाळिशीपुढील रुग्णांस दिवाळीपूर्वीच हा आठ आठवड्यांचा क्रम लिहून दिल्यास, मैदानावर ते आनंदाने उतरतील व सुखरूप परततील.