डाळिंबाची टिश्यूची रोपं घेताय? आधी हा हिशेब मांडा

टिश्यू कल्चरच्या रोपाला गुटी कलमापेक्षा बराच जास्त भाव मोजावा लागतो. हे जादा पैसे मातृवृक्षाचे आणि चाचणीचे असतात. दोन्हींचा कागद विक्रेता दाखवत नसेल, तर गुटीच बरी.

एकरी किती?

साडेचार बाय तीन मीटर अंतराने एकरी सुमारे ३०० झाडं बसतात. दर गावोगावी आणि हंगामाप्रमाणे बदलतात. हिशेबापुरते गुटीचे २५ आणि टिश्यूचे ४५ रुपये धरू.

- गुटी: ७,५०० रु.
- टिश्यू: १३,५०० रु.
- फरक: ६,००० रु.
- नांगे भरायला टिश्यूची १५ जादा रोपं: ६७५ रु.

सांगितलेला दर शेतपोच आहे की रोपवाटिकेवरचा, हे बुकिंगआधीच विचारा. खड्डे, शेणखत, ठिबक यांचा खर्च दोन्हींत सारखाच.

जादा पैशांत काय मिळतं?

गुटी बांधतात ती बागेतल्या झाडाच्या फांदीवर. त्या झाडावर तेल्या असेल, तर तो कलमासोबत तुमच्या शेतात येतो. प्रयोगशाळेत मातृवृक्षाचा बारीकसा तुकडा निर्जंतुक माध्यमावर वाढवून हजारो रोपं करतात, त्यामुळे सुरुवात स्वच्छ होऊ शकते. पण ‘याला तेल्या येतच नाही’ असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. शेजारच्या बागेतून रोग आला की ही झाडंही बळी पडतात. फवारणी चुकत नाही.

सगळी झाडं सारखी: फायदा आणि धोका

वाढ सारखी, बहार एकदम, फळाचा रंग-आकार जवळपास एकच. प्रतवारी सोपी जाते. मात्र मातृवृक्षच हलका निघाला, तर त्याचा दोष तीनशेच्या तीनशे झाडांत उतरतो. शिवाय प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा गुणन केलं की काही रोपं मूळ झाडापासून ढळतात. मलेशियात तेलताडाच्या अशा झाडांची फळं वेडीवाकडी निघाली. रोपवाटिकेत मात्र ती निरोगी दिसली होती. डीएनए चाचणीतही असा प्रत्येक दोष सापडतोच असं नाही. म्हणून त्याच प्रयोगशाळेच्या रोपांची, फळावर आलेली बाग स्वतः पाहून या. तिथवरचं गाडीभाडं या व्यवहारातला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च.

ॲडव्हान्स देण्याआधी

१. मातृवृक्षाचा वाण कोणता आणि तो कुठल्या बागेतला, हे लेखी घ्या.

२. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणीकरण व्यवस्था २००६ पासून आहे. प्रयोगशाळेला मान्यता असणं वेगळं आणि तुमच्या लॉटची चाचणी झालेली असणं वेगळं. लॉट क्रमांक असलेला अहवाल मागा.

३. हार्डनिंग पुरेसं झालंय का, ते पाहा. बाटलीतल्या दमट हवेतून आलेलं कोवळं रोप उन्हात तग धरत नाही. एक पिशवी फाडून बघा: मुळ्या पांढऱ्या असाव्यात, मातीचा गोळा न फुटता हातात यावा, तळाशी मुळ्यांची गुंडाळी नसावी.

४. मेलेली किंवा वाणाबाहेरची रोपं निघाली तर बदलून मिळणार का, किती दिवसांत, हेही लिहून घ्या.

पक्क्या बिलावर वाण, लॉट क्रमांक आणि तारीख हवीच. शेतकरी हाही ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण ग्राहक आयोगापुढे दाद मागायची, तर हातात बिल लागतं.