बंदीच्या दोन महिन्यांत कंबरही मोजून घ्या



१ जून ते ३१ जुलै बंदी. या ६१ दिवसांत आपण इंजिन खोलतो, जाळी दुरुस्त करतो, बोटीच्या तळाला रंग मारतो. खलाशाची कंबर मात्र कुणी तपासत नाही. ऑगस्टमधल्या पहिल्याच फेरीला जाळं ओढताना उसण भरते आणि माणूस आडवा होतो. मग ऐन हंगामात त्याचा वाटा बुडतो आणि मालकाचा एक हात कमी होतो.

मागच्या हंगामात ज्याची कंबर धरली होती त्याला आपण काय विचारतो? "आता बरं हाय मरे?" तो म्हणतो, "हां, बरं आहे." म्हणणारच. घरी बसला तर पैसे कुठून येणार? म्हणून नुसत्या विचारण्यावर जाऊ नका. फिजिओथेरपिस्ट कंबर मोजतात, आणि त्यातलं एक मोजमाप शिंप्याच्या टेपने घरीसुद्धा करता येतं.

माणसाला उघड्या पाठीने सरळ उभं करा. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना दोन खळ्या दिसतात. त्या दोन्हींच्या मधोमध, कण्यावर पेनाने खूण करा. त्या खुणेपासून १० सेंटीमीटर वर दुसरी खूण आणि ५ सेंटीमीटर खाली तिसरी. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या खुणेत आता १५ सेंटीमीटर अंतर झालं. गुडघे न वाकवता त्याला जमेल तेवढं पुढे वाकायला सांगा आणि तसाच वाकलेला असताना तेच अंतर पुन्हा मोजा. कंबर मोकळी असेल तर कातडी ताणून ते साधारण २० किंवा त्याहून जास्त भरतं. १७-१८ वरच थांबलं तर कंबर आखडलेली आहे. याला शोबर चाचणी म्हणतात. मोजताना कळ आली तर तिथेच थांबायचं, जोर लावून आकडा वाढवायचा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, बोटं जमिनीला टेकतात का ते बघितलं की झालं. तिथेच फसगत होते. खुब्याचे सांधे सैल असले तर कंबर फळीसारखी ताठ असूनही माणूस जमिनीला हात लावतो. बघणाऱ्याला वाटतं, गडी ठणठणीत आहे. टेप फक्त कंबरेचंच सांगतो.

पण आकड्याच्या मागेही लागू नका. कुणाची कंबर जन्मत:च ताठ असते आणि तरी तो तीस वर्षं रापण ओढतो. शेजाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा लावून बघण्यात अर्थ नाही. त्याच माणसाचा जूनमधला आणि जुलैअखेरचा आकडा लावून बघायचा. लवचीक कंबर म्हणजे मजबूत कंबर, असंही नाही. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात (१९८४) उलटंच दिसलं. ज्या पुरुषांच्या पाठीचे स्नायू जास्त वेळ ताण धरून ठेवत होते, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी होतं. ज्यांची पाठ जरुरीपेक्षा जास्त वाकत होती, त्यांना ती जास्त झाली. म्हणून फिजिओथेरपिस्ट वाकणंही बघतात आणि दमही बघतात. माणूस वाकून परत सरळ कसा होतो हेही बघा. मांडीवर हात टेकत टेकत वर येत असेल, नाहीतर एका बाजूला कलून येत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, काम बाकी आहे.

मोजायची वेळ नेहमी एकच ठेवा. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी कंबर ताठ असते आणि वाकल्यावर गादीवर ताण जास्त येतो. उठल्यावर पहिल्या तासात यातला बराच फुगवटा उतरतो. आता आपलं काम आठवा. पहाटे चारला तांडेल हाक मारतो, पोरगं बंकवरून उठतं आणि तसंच वाकून जाळ्याला हात घालतं. जुनी कंबरदुखी असलेल्यांना सकाळच्या वेळी वाकणं टाळायला लावल्यावर दुखणं कमी झालं, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात (१९९८) दिसलं आहे. मासळी काही आपल्या कंबरेसाठी थांबणार नाही, हे खरं. पण ज्याची कंबर आधी धरली आहे त्याला पहिला तासभर विंचवर किंवा उभ्याने करायच्या कामावर ठेवणं तांडेलाच्या हातात आहे.

वजनाचंही बघायला हवं. अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या हिशेबात उचलायच्या वजनाची वरची मर्यादा २३ किलो आहे, तीही सपाट जमीन, अंगाजवळ धरलेलं ओझं आणि चांगली पकड असेल तेव्हा. हलत्या, ओल्या डेकवर ती आणखी खाली येते. बर्फासकट भरलेला क्रेट एकदा जेटीवरच्या काट्यावर ठेवून बघा. मग क्रेट कमी भरायचा की दोघांनी उचलायचा ते ठरवा. कंबरेचा पट्टा बांधून वजन हलकं होत नाही.

उसण भरलीच तर आठवडाभर खाटेवर पडून राहू नका. हेलसिंकीत १९९५ साली महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना तीन गटांत विभागून पाहिलं. एका गटाला दोन दिवस झोपून विश्रांती दिली, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दुखणं सोसेल तेवढं रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. रोजचं काम म्हणजे चालणं-फिरणं, घरचं हलकं काम. जाळं ओढणं नव्हे.

मात्र लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर मालीश, लेप, बोनसेटर काही नको. तडक १०८ ला फोन करा. बोट समुद्रात असेल तर परत फिरवा, त्या फेरीची मासळी गेली तरी चालेल. कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

बाजारात बसणाऱ्या मावश्यांनीही टेप लावून घ्यावा. सकाळभर पाटावर बसून पुढे वाकून मासळी कापायची, मग पाटी उचलायची, हा ताण ट्रॉलरवरच्या ताणापेक्षा कमी नाही. कापायची फळी गुडघ्याइतक्या उंचीवर घेतली आणि पाटी डोक्यावर चढवायला शेजारणीला हाक मारली, तरी बराच फरक पडतो.

मालकांनी प्रत्येक खलाशाचा जूनमधला आकडा, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याच वेळेला पुन्हा मोजावं. ज्याचा आकडा हललाच नाही किंवा जो अजून मांडी धरून वर येतो, त्याला आधी सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या त्याला क्रेट उचलायला लावू नका, आणि वाटा मात्र पुरा द्या, नाहीतर तो पुढच्या वेळी खरं सांगणार नाही.