उसाच्या रानात परसबाग

प्रश्न : यवतजवळ आम्ही दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला आहे. आधी तिथे ऊस होता. बांधकामाला अजून दोन-तीन वर्षं अवकाश आहे, तोवर घरापुरता भाजीपाला करावा असं मनात आहे. माती काळी आहे आणि पाणी बोअरचं. भावाची जागा शिरूर तालुक्यात केंदूरकडे आहे. तिथे नुसता मुरूम. दोघांनाही शेतीचा अनुभव नाही. पहिलं बी कोणतं टाकावं आणि कधी?
– एक वाचक, ता. दौंड

उत्तर : बियाण्याकडे येतोच, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती ‘आधी तिथे ऊस होता’ ही आहे. खडकवासल्याच्या कालव्याखालचं दौंडचं रान वर्षानुवर्षं ऊस पिकवत आलंय. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून त्यात अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन अशी तणनाशकं चालतात. उसाला ती बाधत नाहीत. काकडी, घेवडा, पालक यांना मात्र सोसत नाहीत. त्यात अ‍ॅट्राझिन चुनखडीच्या मातीत जास्त दिवस टिकतं, आणि आपल्याकडची काळी माती बहुधा चुनखडीचीच. तेव्हा जुन्या मालकाला विचारा : शेवटचा खोडवा कधी तुटला? त्यात काय मारलं होतं? ओशाळू नका, शेतकरी सांगतात.

उत्तर काहीही मिळो, एक परीक्षा घरच्या घरी करा. एका कुंडीत प्लॉटमधली माती घ्या, दुसरीत खात्रीची, कधी तणनाशक न पडलेली. दोन्हींत काकडीचं आणि घेवड्याचं बी टाकून तीन आठवडे बघा. प्लॉटच्या मातीतली खालची पानं कडेनं पिवळी पडून करपू लागली आणि दुसऱ्या कुंडीतली हिरवीगार राहिली, तर हा हंगाम सोडून द्या. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा हीच परीक्षा घ्या.

मातीची प्रयोगशाळेतली तपासणीही हवीच. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ही सोय आहे. भावाला नारायणगावचं केंद्र बघता येईल. सामू आणि क्षार हे दोन आकडे आधी वाचा. सामू साडेआठच्या वर असेल तर जमीन चोपण होत चालली आहे, आणि जिप्सम किती टाकायचं ते अहवालावरून ठरतं. अहवालाशिवाय जिप्समचं पोतं आणू नका.

बोअरचं पाणीही त्याच वेळी बाटलीत भरून द्या. पाण्याची विद्युत वाहकता (डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) ०.७५ च्या खाली असेल तर निर्धास्त राहा; २.२५ च्या वर गेली तर बहुतेक भाज्या कुरकुरतात. मधल्या पाण्यावर पालक आणि बीट तग धरतात, घेवडा मात्र हट्टानं लावू नये. नदी जवळ असली तरी मुळा-मुठेचं पाणी भाजीला घेऊ नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी त्यात येतं. कोथिंबीर, मुळा, गाजर आपण कच्चं खातो, त्यांना तर ते अजिबात नको.

आता काम. प्लॉट पाडताना जेसीबी आणि डंपर फिरलेले असतात, त्यामुळे वरची माती मऊ दिसली तरी खाली ती दगडासारखी दबलेली असते. उन्हाळ्यात खोल खणून घ्या आणि ढेकळं तापू द्या. हराळी आणि लव्हाळा असेल तर रोटाव्हेटर फिरवू नका. हराळीच्या काड्यांचे तुकडे होतात, लव्हाळ्याच्या गाठी सुट्या होतात आणि एकेकातून नवं तण उगवतं. कुदळीनं उकरून वेचायचं, वेळ लागू द्यायचा. दोन गुंठे म्हणजे जवळजवळ बावीसशे चौरस फूट. पहिल्या वर्षी त्यातला पाव भाग पुरे. सगळी जागा एकदम धरणारे बहुतेक जण श्रावणातच तणापुढे हात टेकतात. उरलेल्या भागात पहिल्या पावसावर ताग टाका आणि फुलावर आला की दीड महिन्यात कापून गाडा.

आपण पर्जन्यछायेत आहोत. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही भर सप्टेंबरवर. म्हणून नवख्यांना मी दसऱ्याचा मुहूर्त सांगतो. तोवर ताग कुजलेला असतो, तण मंदावतं, हवा गार होऊ लागते. काळ्या मातीत गादीवाफेच करा, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. पहिलं बी मेथीचं. आठवड्याच्या आत उगवते, महिन्याभरात ताटात येते. पण सगळं पाकीट एकदम रिकामं करू नका, दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टा पेरा. सोबत मुळा आणि कोथिंबीर. धणे रगडून दोन फाकळ्या करून पेरायचे. वांगं लावायचं तर रोपवाटिकेतून रोपं आणा. तुमच्याच सोलापूर रस्त्यावरच्या मांजरीचं ‘मांजरी गोटा’ भरल्या वांग्याला फार छान.

आणि वाफसा ओळखायला शिका. मातीचा मुठीत गोळा करा. हात चिकट झाला तर अजून ओल जास्त आहे, बोटानं दाबल्यावर गोळा फुटला तर कामाला लागा. ओल्या काळ्या रानात घातलेलं खुरपं पूर्ण हंगाम भोवतं.

भावाचं गणित उलटं आहे. मुरमात पाणी थांबत नाही आणि खायला काही नाही. त्यांनी गादीवाफे न करता सपाट किंवा थोडे खोलगट वाफे करावेत, जवळच्या तलावातला गाळ आणून मुरमात मिसळावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ पासून त्यासाठीच आहे. वर कुजलेलं शेणखत, ठिबक, आणि पाचटाचं चार बोटं आच्छादन. तिकडे ऊस कमी, पण तुमच्या भागात तोडणी झाली की पाचट बांधावर पडून असतं किंवा पेटवून देतात. पेटवायच्या आधी ट्रॉलीभर मागून घ्या, निम्मं केंदूरला पाठवा. गवार आणि शेवगा मुरमात बरे येतात, भावानं सुरुवात त्यांच्यापासून करावी : गवार जूनमध्ये, शेवग्याची दोन झाडं कुंपणाला.