जठरातील जंतू आणि मुलांची उंची



प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले अशी आढळतात की, जी बरोबरीच्या मुलांहून खुजी दिसतात, वरचेवर पोट दुखत असल्याचे सांगतात आणि दुपारच्या तासांना पेंगतात. अशा मुलाविषयी ‘आळशी’ असा शेरा मारण्याची आपल्याला फार घाई असते. शेरा लिहिण्यापूर्वी काय पाहावे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा एक मळसूत्राकार जंतू मनुष्याच्या जठरात राहतो. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जंतू तग धरीत नाही, अशी पूर्वी समजूत होती. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हा जंतू शोधून काढला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू युरियापासून अमोनिया निर्माण करून आपल्या सभोवतीचे आम्ल सौम्य करून घेतो. त्याची लागण बहुधा बालपणी होते व उपचार न झाल्यास सहसा जन्मभर टिकते. पुष्कळांना तिचा त्रास मुळीच जाणवत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मुंबईतील रक्ततपासणीची एक पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये पाच वर्षांखालील २२ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या ५६ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या ८७ टक्के मुलांत तीत आढळली. आकडे जुने आहेत. आजचे प्रमाण तेच असेल असे धरू नये. परंतु मूल आपल्या हाती असते त्याच वर्षांत लागण झपाट्याने वाढत होती, ही गोष्ट शिक्षकाने मनात ठेवण्यासारखी आहे.

कारण परिस्थितीत आहे. घाटकोपर-असल्फ्याच्या टेकडीवर किंवा अंधेरी, मुलुंड, बोरिवलीच्या दाट वस्त्यांत पाणी ठराविक वेळीच येते व पिंपात साठवावे लागते. एका खोलीत पाचसहा माणसे झोपतात. शौचकूप सामाईक असतो. हा जंतू मुख्यतः घरातल्या घरात, आईकडून वा भावंडांकडून, लाळ, उलटी व न धुतलेल्या हातांवाटे पसरतो. दूषित पाण्यावाटेही पसरत असावा. उपनगरांतील शाळा महानगरपालिकेच्या, आपल्या जिल्हा परिषदेच्या. पण बांधकामावर जाणाऱ्या आईबापांबरोबर आपली मुले तिकडे जातात आणि परत येतात. शिवाय आपल्या वाड्यापाड्यांतील एकखोली घरे यापरती कुठे निराळी आहेत?

आता मुख्य प्रश्न : या जंतूमुळे मुलांची वाढ खुंटते काय? कोलंबिया देशातील डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांची उंची पुनःपुन्हा मोजून केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लागण असलेल्या काळात उंची किंचित मंद गतीने वाढल्याचे त्यात दिसले. इतरत्र असा संबंध आढळलाही आहे आणि नाहीही. जेथे जंतू तेथेच बहुधा दारिद्र्य, अपुरे अन्न, जंत आणि जुलाब असतात. त्यामुळे दोष कोणाचा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. रक्तक्षयाशी असलेला संबंध त्या मानाने अधिक स्पष्ट आहे. अन्नातील लोह अंगी लागण्यास जठरातील आम्ल व क जीवनसत्त्व साह्य करतात आणि दीर्घकाळच्या लागणीने दोन्ही कमी होऊ शकतात. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही एखादे मूल फिकटच राहिले, तर जी कारणे डॉक्टरांनी शोधावयाची, त्यांत हे एक आहे.

यावरून कोणी खुज्या मुलांना या जंतूच्या तपासणीस पाठवू लागेल तर ते चुकीचे होईल. केवळ उंची कमी म्हणून ही तपासणी करू नये, असेच बालरोगतज्ज्ञांचे आंतरराष्ट्रीय मत आहे. उपचारास दोन प्रतिजैविके व आम्लरोधक औषध साधारण चौदा दिवस द्यावे लागते. ते डॉक्टरांचे काम; दुकानातून गोळ्या आणून देण्यास पालकांस कदापि सुचवू नये.

शिक्षकाचे काम उंचीच्या नोंदवहीत आहे. मागील वर्षीच्या आकड्यात अंदाजाने चारपाच मिळवून रकाना भरलेल्या वह्या मी तपासणीत पुष्कळ पाहिल्या आहेत. अशा वहीपेक्षा कोरी वही बरी, कारण ती निदान आजारी मुलास निरोगी ठरवीत नाही. मुलास अनवाणी, टाचा भिंतीस टेकवून, नजर समोर ठेवून उभे करावे. मुलींचा अंबाडा सोडावा. डोक्यावर सपाट फळी काटकोनात धरून खूण करावी. मापे सकाळीच घ्यावीत, कारण सायंकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटिमीटर उतरू शकते. दोन मापांत सहा महिन्यांचे अंतर असावे. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. वर्षाची वाढ चारांहून कमी भरली, तर पुन्हा मोजून पाहावे आणि ते नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकापुढे आवर्जून ठेवावे.

वारंवार उलट्या, झोपेतून उठविणारी पोटदुखी, वजनातील घट वा शौचावाटे रक्त दिसल्यास पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. काळा शौच हेही रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. मात्र लोहाच्या गोळीनेही शौच काळा होतो, म्हणून गोळी केव्हा घेतली हे डॉक्टरांस सांगावे. या गोळीबरोबर चहा देऊ नये. जंतनाशकाचा दिवस चुकलेल्या मुलांची नावे लिहून ठेवून त्यांस नंतर गोळी मिळेल असे पाहावे. आणि दुपारच्या आहारापूर्वी साबणाने हात धुण्याची पाळी रोज स्वतः उभे राहून पाहावी.

राहता राहिली स्थलांतर करणारी मुले. त्यांच्या वाढीची तुलना करणार कोण, कारण अर्धे माप येथे आणि अर्धे कोठेच नाही! गाव सोडताना मुलास शिक्षण हमी कार्ड देण्यात येते. त्यासोबत मापांच्या तारखा, उंची, वजन व घेतलेल्या गोळ्या यांची चिठ्ठी सहीनिशी जोडावी, आणि मूल परत येताच पहिल्या आठवड्यात पुन्हा माप घ्यावे.