लँड क्रूझर : भरवशाच्या भांडवलावर चाललेला धंदा

सौदी अरेबिया, कुवेत, ओमान किंवा दुबईत ड्रायव्हर, फिटर, मेकॅनिक म्हणून काम करून आलेली माणसे रत्नागिरी-रायगडच्या गावोगाव भेटतात. वाळवंटात चालणाऱ्या गाडीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते बहुधा जपानच्या टोयोटा कंपनीच्या 'लँड क्रूझर'चे. गाडी महाग आहे, तेलही बरेच पिते. पण ऐन वेळी दगा देत नाही, असा तिचा लौकिक आहे.

असा लौकिक जाहिरातीवर पैसा ओतून मिळत नाही. तो कसा मिळाला, त्यासाठी कंपनीने काय केले आणि मुद्दाम काय करायचे टाळले, हे व्यापार-उद्योगात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. म्हणून या गाडीचा इतिहास थोडा तपशिलाने पाहू.

बुडत्या कंपनीची गाडी

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची आर्थिक घडी पार विस्कटली होती. १९४९-५० साली टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. बँकांच्या मदतीने ती कशीबशी तरली, परंतु त्यासाठी दीड हजारांहून अधिक कामगार कमी करावे लागले. मोठा संप झाला. जबाबदारी स्वीकारून कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी जून १९५० मध्ये अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि अमेरिकन लष्कराकडून ट्रकच्या मागण्या येऊ लागल्या. कंपनी त्या मागण्यांवर सावरली.

याच काळात जपानमध्ये नव्याने उभारलेल्या राखीव पोलीस दलाला चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. टोयोटाने जानेवारी १९५१ मध्ये नमुना गाडी तयार केली. नवे काही घडवायला पैसा नव्हता. त्यामुळे एक टनी ट्रकची चासी घेतली आणि मोठ्या ट्रकचे सहा सिलिंडरचे ३.४ लिटरचे पेट्रोल इंजिन त्यावर बसवले. या गाडीला 'टोयोटा जीप बीजे' असे नाव दिले. अमेरिकन जीपमध्ये चढासाठी खालच्या गिअरांची वेगळी जोडी असते, ती या गाडीत नव्हती. ट्रकच्या इंजिनाचा जोर आणि ट्रकचाच दमदार पहिला गिअर यांवर सारी भिस्त होती.

राखीव दलाने पसंती दिली ती अमेरिकन जीपलाच. टोयोटाने हार मानली नाही. जुलै १९५१ मध्ये इचिरो ताइरा या चालकाने ही गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून नेली. तिथवर तोपर्यंत कोणतीही मोटार पोहोचली नव्हती. ही चाचणी ग्रामीण पोलीस खात्याचे अधिकारी पाहत होते. त्यांनी २८९ गाड्यांची मागणी नोंदवली. जगभर पसरलेल्या या धंद्याची सुरुवात एवढ्या छोट्या मागणीने झाली.

नाव बदलले, बाजार शोधला

'जीप' हे नाव अमेरिकन कंपनीचे असल्याने वाद निर्माण झाला. जून १९५४ मध्ये टोयोटाचे तांत्रिक संचालक हांजी उमेहारा यांनी 'लँड क्रूझर' हे नाव सुचवले. त्या वेळी इंग्लंडची 'लँड रोव्हर' बाजारात जम बसवून होती. आपल्या गाडीचे नाव तिच्यापेक्षा कमी दर्जाचे वाटू नये, असा त्यांचा विचार होता.

१९५५ पासून टोयोटाने ही गाडी परदेशी पाठवण्यावर भर दिला. लँड रोव्हर आणि जीप या दोन्ही गाड्या आधीच प्रसिद्ध होत्या. तेव्हा टोयोटाने वाळवंट, खाणी, जंगल, डोंगराळ प्रदेश असा बाजार निवडला, जिथे गाडी बंद पडणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हे तर जिवाशी गाठ असते. सौदी अरेबियात जेद्दाहचे अब्दुल लतीफ जमील यांनी १९४५ मध्ये एका छोट्या पेट्रोल पंपापासून धंदा सुरू केला होता. १९५५ मध्ये त्यांनी टोयोटाची एजन्सी घेतली. त्याच वर्षी दुबईत अल-फुतैम घराण्यानेही ती घेतली. आखाती देशांत तेलाचा पैसा पुढे वाहू लागला तेव्हा ही दोन्ही घराणी आधीच पाय रोवून उभी होती.

ऑस्ट्रेलियात डोंगर पोखरून धरणे आणि बोगदे बांधण्याची 'स्नोई माउंटन्स' ही प्रचंड योजना चालू होती. लेस्ली थीस या ठेकेदाराने तिथल्या कामासाठी लँड क्रूझर मागवल्या आणि पुढे तोच त्यांचा विक्रेता झाला. अमेरिकेत १९५७ साली टोयोटाने 'क्राउन' ही मोटार पाठवली, परंतु तिथल्या लांब-रुंद महामार्गांवर ती टिकली नाही. १९६० च्या सुमारास कंपनीला मोटारींची निर्यात थांबवावी लागली. 'कोरोना' ही मोटार १९६५ मध्ये येईपर्यंत अमेरिकेतील विक्रेत्यांची दुकाने प्रामुख्याने लँड क्रूझरने उघडी ठेवली. ब्राझीलमध्ये तर हीच गाडी 'बांदेइरांते' या नावाने २००१ पर्यंत तयार होत होती. टोयोटाचे जपानबाहेरचे पहिले उत्पादन तेच होय.

१९६० मध्ये आलेले '४०' मॉडेल १९८४ पर्यंत चालले. १९८४ मध्ये आलेले '७०' मॉडेल आजही तयार होते. कुटुंबासाठीच्या मोठ्या गाड्यांची वेगळी शाखा ५५, ६०, ८०, १००, २०० अशी वाढत २०२१ मध्ये '३००' पर्यंत आली. २०१९ मध्ये सर्व प्रकारच्या लँड क्रूझरची एकूण विक्री एक कोटीवर गेली आणि सुमारे १७० देशांत ती पोहोचली होती.

टिकाऊपणाचे रहस्य

पहिली गोष्ट म्हणजे राखून ठेवलेली ताकद. १९९० मध्ये आलेले '१एचझेड' नावाचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन पाहा. ते ४.२ लिटरचे आहे, पण ताकद देते जेमतेम १३० अश्वशक्ती. त्याला टर्बो नाही आणि डिझेलचा पंप साधा यांत्रिक आहे. याउलट ३०० मॉडेलचे ३.३ लिटरचे नवे डिझेल इंजिन ३०० अश्वशक्तीच्या पुढे जाते. कागदावर नवे इंजिन सरस ठरते. परंतु जुन्या इंजिनावर ताण कमी असतो, त्यामुळे त्याची झीज हळू होते. शिवाय हलक्या प्रतीच्या डिझेलवरही ते चालते आणि संगणकाशिवाय दुरुस्त करता येते. ज्या गावात वीजच धड नाही, तिथे इंजिनाचा हा साधेपणाच मोलाचा ठरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बांधणी. वेगळी जाड चासी आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी, ही ट्रकची पद्धत या गाडीने सोडली नाही. ७० मॉडेलला मागे अजूनही लोखंडी पाटेच आहेत. असा रांगडा सांगाडा खड्ड्यांचे धक्के सोसतो, आणि काही वाकले-तुटले तर गावातला वेल्डरही ते जोडू शकतो. प्रवाशाला मात्र धक्के बसतात.

तिसरी गोष्ट म्हणजे बदलाबाबतचा संयम. ८० मॉडेलपासून ३०० मॉडेलपर्यंत गाडी तीन वेळा नवी झाली, परंतु पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २८५० मिलिमीटर ते २८५० मिलिमीटरच राहिले. चढ-उतार आणि वळण यांसाठी जे माप योग्य ठरले, ते केवळ नवेपणासाठी बदलायचे नाही, असे हे धोरण आहे. जे चालते ते बदलले नाही की सुटे भागही वर्षानुवर्षे तेच लागतात. ज्या भागात एकाच जातीच्या गाड्या जास्त, तिथे दुकानदार तिचे सामान भरतो आणि मिस्त्रीचा हात तिच्यावर बसतो. मग नवा ग्राहकही तीच गाडी घेतो. हे चक्र एकदा फिरू लागले की प्रतिस्पर्ध्याला ते तोडणे फार अवघड जाते. १९८४ मध्ये बंद झालेल्या ४० मॉडेलचे काही सुटे भाग पुन्हा तयार करण्याचा निर्णय टोयोटाने २०२१ मध्ये जाहीर केला. गाडी विकल्यावर सदतीस वर्षांनीही आपण तिच्यामागे उभे आहोत, हे ग्राहकाला सांगणारी यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मदत पथके यांच्या ताफ्यात ही गाडी हमखास दिसते. २०२१ मध्ये लसीची वाहतूक करणाऱ्या शीतपेटीसह सजवलेल्या ७० जातीच्या गाडीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. अशी मान्यता मिळालेली ती पहिलीच गाडी. दुर्गम खेड्यात लस थंड राहून पोहोचणे हे शेवटी गाडी वाटेत बंद न पडण्यावरच अवलंबून असते. याच गुणाचा वापर लढायांतही झाला. १९८७ मध्ये चाडच्या सैन्याने टोयोटाच्या हलक्या गाड्यांवरून लिबियाच्या रणगाडा दलाला हरवले, म्हणून तो संघर्ष 'टोयोटा युद्ध' याच नावाने ओळखला जातो.

लौकिकाची किंमत

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुन्या लँड क्रूझरचे इंजिन टिके, पण पत्रा गंजे. वजनामुळे तेलाचा खर्च मोठा असतो. मागणी इतकी की जानेवारी २०२२ मध्ये ३०० मॉडेलसाठी सुमारे चार वर्षे थांबावे लागू शकते, असे कंपनीने सांगितले होते. घेतल्याबरोबर नफ्याने विकू नये, म्हणून जपानमध्ये ग्राहकांकडून हमीपत्रही लिहून घेतले गेले. जपानमध्ये चोरांचाही हिच्यावर विशेष डोळा असतो. भारतात २०२३ मध्ये ३०० मॉडेल आले तेव्हा त्याची किंमत दोन कोटी सतरा लाख रुपये होती. म्हणजे आपल्याकडे ही कामाची नव्हे तर श्रीमंतीची गाडी झाली.

सर्वांत मोठा धक्का जानेवारी २०२४ मध्ये बसला. टोयोटा समूहातील ज्या कंपनीतून टोयोटाचा जन्म झाला, त्याच टोयोटा इंडस्ट्रीजने डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गैरप्रकार केल्याचे उघड झाले. चाचणीच्या वेळी इंजिनाच्या संगणकात विक्रीच्या इंजिनापेक्षा वेगळी प्रणाली वापरली होती. तीन जातींच्या इंजिनांत ३०० मॉडेलचे डिझेल इंजिनही होते. रवानगी थांबवावी लागली, ती मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. रस्त्यावरच्या गाड्या वापरणे थांबवण्याची गरज नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. गाडी मोडली नव्हती, शब्द मोडला होता. सत्तर वर्षे वाळवंटात कमावलेला विश्वास चाचणीच्या खोलीत डागाळला.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

लँड क्रूझर असो की आपल्याकडची कोणतीही जीप, नावावर भुलून जुनी गाडी घेऊ नये. प्रथम गाडीखाली झोपून चासी पाहावी. जोडांवर आणि पाट्यांच्या आधारापाशी गंज असेल, तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी सौदा सोडावा. ॲक्सल आणि गिअरबॉक्सचे ऑइल काढून बघावे. ते दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. चारही चाकांचा जोर प्रत्यक्ष लावून चालवून पाहावे, कारण वर्षानुवर्षे न वापरलेली ही यंत्रणा जाम झालेली असते. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर आणि ग्रीस यांची हयगय केली, तर कोणत्याही कंपनीचे इंजिन टिकत नाही. १एचझेड इंजिनाचा टायमिंग बेल्ट मुदतीत बदलला आहे का, हे विचारावे. तो तुटला तर मोठा खर्च अंगावर येतो.

व्यापारी बंधूंसाठी बोध

टोयोटाच्या विक्री कंपनीचे प्रमुख शोतारो कामिया यांचा एक क्रम प्रसिद्ध आहे : आधी ग्राहक, मग विक्रेता आणि शेवटी कारखानदार. लँड क्रूझरच्या वाटचालीत हा क्रम दिसतो. त्यावरून लहान उद्योजकानेही काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

१) भांडवल कमी असेल तर हाताशी असलेल्या वस्तूतूनच सुरुवात करावी, मात्र ती कामाला पुरून उरेल अशी मजबूत असावी.

२) मोठ्यांच्या बाजारात शिरण्याऐवजी जिथे ग्राहकाची अडचण सर्वांत मोठी आहे, तिथे जावे.

३) माल विकण्याआधी त्याची दुरुस्ती आणि सुटे भाग यांची सोय करावी.

४) चालणारी वस्तू केवळ फॅशनसाठी बदलू नये.

५) आपल्या मालाबद्दल जे लिहून देतो ते तपासणीत जसेच्या तसे उतरले पाहिजे. माल उत्तम असूनही कागद खोटा निघाला, तर ग्राहक पुढच्या वेळी मालावरही शंका घेतो.

गॅरेज, ट्रान्सपोर्ट किंवा सुट्या भागांचे दुकान काढू पाहणाऱ्या तरुणांनी यातला तिसरा आणि पाचवा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. या धंद्यात ग्राहक एकदा आला म्हणजे वीस-वीस वर्षे येत राहतो. पण वाटेत गाडी बंद पडल्यावर आपण बसवलेला भाग नकली होता हे त्याला कळले, तर तो परत येत नाही, आणि ज्यांना ज्यांना तो ही हकीकत सांगतो तेही येत नाहीत.