‘चालतात ना?’ या प्रश्नाचे उत्तर

न्यूमोनिया झालेल्या माझ्या वृद्ध मातोश्रींना रुग्णालयात दाखल केले त्या सायंकाळी परिचारिकेने “आजी चालतात ना?” असे विचारले, आणि ज्याची उभी हयात महसुली कचेरीत इतरांच्या जबान्या पारखण्यात गेली, त्या मी क्षणाचाही विलंब न लावता “घरभर फिरतात” असे सांगून टाकले. हे असत्य नव्हते. परंतु त्या फिरत असत त्या देवघराची चौकट, जेवणघरातले कपाट आणि मोरीचा कठडा यांना धरधरून, हा तपशील नित्य डोळ्यांसमोर असूनही मी कधी ध्यानात घेतला नव्हता. कदाचित आई थकली हे कबूल करणेच माझ्या जिवावर येत असावे. कागदावर ‘स्वावलंबी’ अशी नोंद झाली. तिसऱ्या रात्री त्या शौचासाठी एकट्याच उठल्या, हाताला भिंत लागली नाही, आणि खुब्याचे हाड मोडले.

परंतु ‘स्वावलंबी’ आणि ‘परावलंबी’ यांच्या दरम्यान अनेक पायऱ्या असतात. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जरादौर्बल्य, म्हणजे म्हातारपणी येणारी अशक्तता, जोखण्याची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्या मूळच्या सात पायऱ्या पुढे नऊ झाल्या. पाचव्या पायरीवरील मनुष्यास पैशाचे व्यवहार, प्रवास आणि जड घरकाम यांसाठी साहाय्य लागते. सहाव्या पायरीवर जिना आणि स्नानही एकट्याने निभत नाही. पायरी ठरवताना तापाने ग्लानी आलेल्या देहाची अवस्था धरावयाची नसते, तर आजारापूर्वी सुमारे दोन आठवडे तो मनुष्य कसा वावरत होता हे पाहावयाचे असते. आणि ते घरच्यांवाचून कोण सांगणार?

म्हणून प्रकृती ठीक असतानाच एक परीक्षा घरी करून ठेवावी. खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसण्यास बारा सेकंद वा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे मानतात. सोबतीस जवळ उभे राहावे. माझ्या मते घड्याळाहूनही उठताना हातांवर भार येतो काय, वळताना पाऊल अडखळते काय, हे निरखणे अधिक बोधप्रद असते. निजून उठल्यावर घेरी येत असेल, तर निजलेला व उभा असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने उतरला, तर डॉक्टरांना अवश्य कळवावे.

आपल्या घरातील वडीलधारे उद्या पहाटे उठतील तेव्हा त्यांचे हात कोठे कोठे टेकतात ते पाहा, आणि ती कैफियत लिहून औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत ठेवा.